हार्वी मड की स्वॉर्थमोर? इंजिनिअरिंगसाठी छोटं कॉलेज निवडताना

अमेरिकेत बॅचलर्स करायला निघालेल्या आपल्या मुलांच्या याद्या बघितल्या की पर्ड्यू, जॉर्जिया टेक, इलिनॉय ही मोठी विद्यापीठं ठरलेली असतात आणि तळाला काउन्सेलरने घुसवलेली दोन-तीन छोटी कॉलेजेस असतात, ज्यांचं नाव ऐकून नातेवाईक "हे कुठलं बुवा?" विचारतात. नातेवाईकांचं सोडा. खरा प्रश्न हा की ही कॉलेजेस सगळी सारखीच समजून एकाच रांगेत लिहिली जातात, आणि तिथेच गडबड होते.

हार्वी मड घ्या. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला, 1955 ला स्थापन झालेलं, मुलं साधारण 900. पीजीची मुलं नाहीतच, त्यामुळे लॅबमध्ये प्रोफेसरच्या हाताखाली काम करायला बॅचलर्सचीच मुलं असतात. पहिली तीन सेमिस्टर जवळपास सगळं कोअर, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, गणित, सीएस, इंजिनिअरिंग हे सगळं सगळ्यांना, तुम्ही पुढे काहीही करणार असा. डिग्रीवर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल असं येत नाही, नुसतं इंजिनिअरिंग. इथे बरेच बाबा बिचकतात.

मडची मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे क्लिनिक नावाचा प्रोजेक्टचा उपक्रम. 1963 पासून चालू आहे. एखादी कंपनी पैसे भरून आपला खराखुरा अडलेला प्रॉब्लेम कॉलेजला देते, चार-पाच मुलांची टीम वर्षभर त्याच्या मागे, कंपनीचा माणूस नियमित विचारत राहतो कुठपर्यंत आलं, आणि मे महिन्यात प्रोजेक्ट्स डेला सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं काय जमलं. इंटर्नशिपला तुम्हाला कोपऱ्यातलं छोटं काम मिळतं, इथे अख्खा प्रॉब्लेमच अंगावर.

पण काम बेसुमार आहे हं. 2017 ला मुलांनी अभ्यासाच्या ओझ्यावरून आणि मानसिक आरोग्यावरून आवाज उठवला तेव्हा कॉलेजला वर्ग थांबवावे लागले होते. पहिल्या सेमिस्टरला ग्रेड नसतात, पास झालात की पुरे, तेवढा दिलासा. शिवाय पोमोना, स्क्रिप्स वगैरे शेजारची कॉलेजेस चालत जाण्याच्या अंतरावर, तिथले कोर्सही घेता येतात, त्यामुळे अगदी कोंडल्यासारखं होत नाही.

स्वॉर्थमोरची गोष्ट वेगळी. 1864 चं, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलेलं, फिलाडेल्फियाच्या बाहेर, ट्रेन कॅम्पसच्या पायथ्याशी थांबते. मुलं सोळाशेच्या वर. हे मुळात लिबरल आर्ट्स कॉलेज, म्हणजे कला-विज्ञानाचे सगळे विषय मिसळून शिकवणारं, पण त्यात पूर्ण एबेट-मान्य (एबेट म्हणजे इंजिनिअरिंग कोर्सना मान्यता देणारी अमेरिकन संस्था) इंजिनिअरिंगची बीएस मिळते, जे अशा कॉलेजात फार कमी ठिकाणी सापडतं. साधारण हिशोब असा की एकूण 32 पैकी 12 कोर्स इंजिनिअरिंगचे, 8 गणित-विज्ञानाचे आणि उरलेले 12 इतिहास, इकॉनॉमिक्स, संगीत, जे आवडेल ते. इथे सुद्धा पहिलं सेमिस्टर ग्रेडशिवाय. ऑनर्स हा ऐच्छिक, जास्त खोलातला अभ्यासक्रम घेतला तर शेवटी बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक येऊन लेखी आणि तोंडी घेतात, ही पद्धत 1922 पासूनची. म्हणजे ज्यांनी शिकवलं तेच मार्क देणार असली सोय नाही, आपल्याकडच्या एक्स्टर्नल व्हायव्हाची आठवण येते, फक्त हे लोक पेपर वाचून येतात.

मग कुणी कुठे जावं? मूल विज्ञानातच राहणार याची खात्री आहे पण फिजिक्स की सीएस की इंजिनिअरिंग हे ठरत नाहीये, तर डोळे झाकून मड. पण इंजिनिअरिंग आवडतं आणि तरी अर्ध्यात सोडून इकॉनॉमिक्सला जाईल अशी शंका असेल तर स्वॉर्थमोर, कारण तिथे बाहेर पडायला दार आहे, मडमध्ये बाहेर पडलं तरी बहुतेक वेळा दुसऱ्या सायन्समध्येच पोचतो. माझं मत विचाराल तर सतराव्या वर्षी बहुतेक मुलं दुसऱ्या गटातली असतात, आईबाबांना ती पहिल्या गटातली वाटतात.

आणि डिग्रीवर ब्रँचचं नाव हवंच असेल तर दोन्ही नकोत, इंडियानातलं रोझ-हुलमन बघा, तिथे मेकॅनिकल, केमिकल, सिव्हिल सगळं रीतसर आहे. बॉस्टनजवळचं ऑलिन तर आणखी छोटं, चारशेच्या आसपास मुलं, पहिल्या दिवसापासून काहीतरी बनवत बसणाऱ्यांसाठी. सुरुवातीला तिथे सगळ्यांना ट्यूशन माफ होती, नंतर ते अर्ध्यावर आलं.

पैशाचं मात्र आधी बघा. ही सगळी प्रायव्हेट, त्यामुळे स्टेटमध्ये राहता म्हणून फी कमी हा प्रकार नाही. भारतीय पासपोर्टवर अर्ज असेल तर मड आणि स्वॉर्थमोर दोन्हीकडे आर्थिक मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होऊ शकतो. दोन्हीकडे अर्ली डिसिजनने, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करून, प्रवेश मिळाला तर तो घेणं बंधनकारक आहे, म्हणून आधी कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता अंदाजे किती भरावं लागेल ते सांगणारा) पगाराच्या खऱ्या आकड्यांनी भरा, शक्यतो मुलाला शेजारी बसवून.