रूट भरलं तेव्हा हाताशी आलेलं एनसीडीयू: आठ महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपचा सर्व्हर मी सांभाळतो. डेबियन लिनक्स आहे, रूट पार्टिशन (डिस्कचा मुख्य भाग, '/') 30 जीबीचं, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर. जूनमध्ये एका सकाळी डिस्पॅचच्या मामांचा फोन आला, "साहेब, बिल निघंना झालंय, गाडी भरून हुबी हाय." लॉगिन करून डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) चालवलं, तर रूट 100 टक्के भरलेलं.

लॉगिन तरी झालं, कारण ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम पाच टक्के जागा रूट यूजरसाठी, म्हणजे अ‍ॅडमिनसाठी, राखून ठेवते. पोस्टग्रेस स्वतःच्या वेगळ्या यूजरवर चालतं, त्याला ही राखीव जागा मिळत नाही. म्हणून ते बंद पडलं होतं.

त्या घाईत एनसीडीयू हे कोणता फोल्डर किती जागा खातो ते दाखवणारं साधन पहिल्यांदा वापरलं. 'सुडो एनसीडीयू -एक्स /' असं चालवलं की सगळ्यात मोठा फोल्डर सर्वात वर येतो, बाणाच्या कळांनी आत शिरायचं. ग्राफिक स्क्रीन लागत नाही, एसएसएचवरून (दुरून केलेल्या लॉगिनवरून) चालतं. '-एक्स' विसरू नका. ते नसेल तर जोडलेल्या बाकीच्या डिस्कही मोजल्या जातात आणि नको तिथे शोधाशोध होते. मिनिटभरात दिसलं: जर्नल (सिस्टिमचे लॉग) 3 जीबी, एपीटीची कॅशे (उतरवलेल्या पॅकेजांच्या फायली) दीड जीबी. जर्नल लिहिणारं जर्नलडी मुळातच फाइल सिस्टिमच्या 10 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 4 जीबी, जागा घेऊ शकतं, त्यामुळे 3 जीबीत नवल नव्हतं. 'एपीटी क्लीन' केलं, 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=200एम' केलं, पोस्टग्रेस उठलं, गाडी गेली.

खरं कोडं संध्याकाळी उलगडायला बसलो. साफसफाईनंतरही डीएफ म्हणत होतं सुमारे 24 जीबी वापरलेत, एनसीडीयूची बेरीज 12 वर थांबत होती. मग बाकीचे 12 जीबी कुठे?

आधी संशय उघड्या फायलींवर गेला. चालू प्रोग्रामने धरलेली फाइल उडवली तर नाव जातं, पण तो प्रोग्राम ती सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही. 'एलएसओएफ +एल1' अशा फायली दाखवतं. तिथे काही सापडलं नाही. मग रूट दुसरीकडे बाइंड माउंट करून, म्हणजे तेच पार्टिशन दुसऱ्या फोल्डरात वर काही न जोडता उघडून, त्यावर एनसीडीयू फिरवलं आणि सगळं समोर आलं. मे महिन्यात वळवाच्या पावसात लाईट गेली होती. परत आल्यावर बॅकअपची यूएसबी डिस्क माउंटच झाली नाही (तिच्या फोल्डरला जोडलीच गेली नाही), एफस्टॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) 'नोफेल', म्हणजे डिस्क नसली तरी चालू हो, असं असल्याने मशीन मात्र विनातक्रार सुरू झालं. रोज रात्रीचा साधारण 400 एमबीचा डंप (बॅकअपची फाइल) महिनाभर '/एमएनटी/बॅकअप' या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूटवरच, साठत गेला. पुढच्या रीस्टार्टला डिस्क जोडली गेली आणि ते सगळं तिच्याखाली झाकलं गेलं. माउंटखाली झाकलेल्या फायली एनसीडीयूला दिसत नाहीत, डीयू या साध्या कमांडलाही नाहीत. मला याचा राग आला नाही, तसं ते दिसूच शकत नाही. पण नवख्या माणसाने हे आधी माहीत करून घ्यावं, नाहीतर तो नसलेल्या ठिकाणी तासन्‌तास शोधत बसेल.

तेव्हापासून दर सोमवारी चालवतो. 'सी' दाबलं की प्रत्येक फोल्डरातल्या फायलींची संख्या दिसते. आयनोड (प्रत्येक फायलीला लागणारी नोंद, त्यांची संख्या ठरलेली असते) संपत आले असतील तर याचा उपयोग होतो. आमच्या 30 जीबीला सुमारे 19 लाख 66 हजार आयनोड आहेत, बारक्या फायलींनी तेही भरू शकतात. 2022 मध्ये आलेल्या 2.0 आवृत्तीपासून हे साधन झिग या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिलं आहे, पण वापरणाऱ्याच्या हाताला फारसा फरक जाणवत नाही.

एक भीती मात्र कायम वाटते. 'डी' दाबलं की फाइल उडते. खात्री विचारली जाते, पण "पुन्हा विचारू नका" हा पर्यायही तिथेच आहे, तो कधीही निवडू नका. 'पीजी_वॉल' हा पोस्टग्रेसच्या बदलांच्या नोंदींचा फोल्डर मोठा दिसतो, नावावरून लॉग वाटतो, आणि तो हाताने उडवला तर डेटाबेस उठणार नाही. '/व्हार/लिब'मध्ये (प्रोग्रामांचा डेटा तिथे असतो) एनसीडीयू फक्त पाहण्यासाठी वापरायचं, आवरण्याचं काम त्या त्या प्रोग्रामच्या कमांडने करायचं. सहकाऱ्याला मी '-आर' लावूनच दिलंय, त्यात डिलीट बंद राहतं. चालू लॉगसाठी 'डी'ऐवजी 'ट्रंकेट -एस 0' (फाइल ठेवून आतला मजकूर रिकामा करणं), म्हणजे जागा तिथल्या तिथे सुटते.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आता पहिली ओळ 'माउंटपॉइंट -क्यू'ची आहे, डिस्क नसेल तर तिथेच थांबायचं. रिकाम्या फोल्डरला 'सीएचअ‍ॅटर +आय' पण लावलंय, म्हणजे त्यात काही लिहिताच येत नाही. दिवाळीनंतर एकदा परत लाईट गेली, डिस्क माउंट झाली नाही. रात्री मला मेल आला, सकाळी जाऊन केबल घट्ट बसवली. रूट 41 टक्क्यांवर होतं.