बाथरूममधला स्टीलचा दांडा: आठ महिन्यांनंतर

आई ८१ वर्षांची. वजन जेमतेम ४० किलो, हाडं ठिसूळ, पण कुणी हात धरलेला खपत नाही. मावशीचं खुब्याचं हाड बाथरूममध्ये मोडलं तेव्हा घाबरून मी भिंतीला हवेने चिकटणारा आधाराचा दांडा मागवला. ड्रिल नको, फोडाफोडी नको. चौथ्या दिवशी आंघोळ चालू असताना तो सुटून बादलीत पडला. आईने तेव्हा तो धरलेला नव्हता म्हणून निभावलं. त्याच्या वाटेला जाऊच नका.

मग १८ इंची, स्क्रूने बसवायचा स्टेनलेस स्टीलचा आणला, ६५० रुपयांना. प्लंबरने स्वतःचा हात पोचला तिथे ठोकून दिला. आई चार फूट नऊ इंच; तिला तो खांद्याच्याही वर. पंधरा दिवस त्यावर नुसते ओले टॉवेल वाळले. शेवटी आईला कपड्यांनिशी आंघोळीच्या स्टुलावर बसवलं, ‘आता ऊठ’ म्हटलं, आणि तिचा हात जिथे गेला तिथे पेन्सिलीने खूण केली. पुन्हा भोकं पाडली. जुनी व्हाइट सिमेंटने बुजवलीत. दिसतात, दिसू देत. टाइलवर आधी टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर जागा बदला. आणि खरखरीत पकडीचा घ्या. आमचा गुळगुळीत आहे, साबणाच्या हातातून सटकतो.

तरी तिसऱ्या महिन्यात आई पडलीच. पलंगाशी! दुपारी बेल वाजली, ती झटकन उठली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मुका मार, नशीब. डॉक्टरांनी झोपवून बीपी बघितलं तर वरचं १३८, उभं केल्यावर ११२. उभं राहिल्यावर २० किंवा जास्त उतरलं तर दुर्लक्ष करायचं नाही म्हणाले, आणि गोळीचा डोस कमी केला. आता ती पलंगाच्या कडेला बसून आधी पावलं हलवते, मग उठते. बेल वाजवणारा थांबतो.

फिजिओथेरपिस्टने न्यूझीलंडच्या ओटॅगो कार्यक्रमातले (म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून आखलेले) व्यायाम दिलेत: खुर्चीतून उठ-बस, ओटा धरून टाचा उचलणं, आठवड्यातून तीनदा. आधी दोनदा उठताना धापा टाकायची, आता आठदा उठते. खरं सांगायचं तर दांड्यापेक्षा याचा फरक जास्त.

दांड्याला पाचपैकी साडेतीन. दांडा चकाचक आहे, पण दुकानदाराने स्क्रू साधे दिले, त्यांना गंज चढलाय. या रविवारी बदलतोय.