बाहुलीघराच्या फर्निचरसाठी पातळ लाकूड, सांगलीतला अनुभव

लेकीच्या बाहुलीघरासाठी पलंग आणि खुर्च्या करायच्या होत्या म्हणून गणपती पेठेजवळच्या एका क्राफ्टच्या दुकानात गेलो, बाल्सा म्हणजे एकदम हलक्या, मऊ लाकडाची २ मिमी शीट मिळाली, कटरनं मस्त कापते पण नखानं दाबलं तरी खड्डा पडतो आणि खुर्चीचे पाय तर हातातच मोडले. बासवुड, म्हणजे बाल्सापेक्षा जरा टणक लाकूड, नव्हतं. दुकानदार काका मात्र चांगले, शीट उजेडात धरून वाकडी आहे का ते निवांत बघू देतात. जाडी बघूनच घ्या, १:१२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्श्यात, खरी १८ मिमीची फळी दीड मिमीची होते, ३ मिमी प्लायचा पलंग लई जाड दिसतो. पायांसाठी शेवटी मिरजेत सतारी बनवणाऱ्यांकडनं तून लाकडाचे उरलेले तुकडे आणले, लाकडाच्या रेषा पायाच्या लांबीत धरून कापले, एकही मोडला नाही!