ॲलन लीच्या चित्रांचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' : आठ महिने सोबत राहिल्यावर

दिवाळीत बोनस झाला तेव्हा टॉलकिनच्या ह्या कल्पनारम्य कादंबरीचा, चित्रकार ॲलन लीच्या चित्रांसकटचा हा तीन पुस्तकांचा सेट घेतला आणि तिसरं पुस्तक संपलं ते आत्ता, पावसाळा लागल्यावर. एरवी मी जाडजूड कादंबरी दोन वीकेंडला संपवते, पण इथे चित्र आलं की हात थांबायचा आणि मग त्या दिवशी पुढे वाचणं व्हायचंच नाही.

१९९२ हे टॉलकिनचं जन्मशताब्दीचं वर्ष, त्यानिमित्त १९९१ मध्ये ॲलन लीची ५० जलरंगातली चित्रं घालून ही आवृत्ती निघाली. पुढे सिनेमे आले तेव्हा त्याला आणि जॉन हाऊ ह्या दुसऱ्या चित्रकाराला डिझाइनसाठी बोलावलं आणि तिसऱ्या सिनेमाच्या कलादिग्दर्शनासाठी ॲलन लीला ऑस्करही मिळालं. म्हणजे आपण पडद्यावर जे बघितलं त्याची मुळं ह्या चित्रांत आहेत.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्यांना आठवत असेल, ड्रॉइंगचे सर सांगायचे की वॉटरकलरमध्ये पांढरा रंग लावायचा नाही, कागद सोडायचा. ली काय कागद सोडतो! रिव्हेंडेलचं, म्हणजे गोष्टीतल्या एल्फ लोकांच्या वस्तीचं चित्र घ्या, दरीतले धबधबे, धुकं, मध्ये घरं, आणि सगळं इतक्या पातळ करड्या-हिरव्या रंगात की जुलैत सिंहगडावरून खाली बघावं आणि ढग सरकला की तेवढ्यापुरतं एखादं गाव दिसावं तसं. माणसं तो बहुतेक वेळा लहानच काढतो, चेहरे फार जवळून दाखवत नाही. सुरुवातीला मला हे खटकलं होतं, आता तेच सगळ्यात आवडतं, कारण माझ्या मनातला फ्रोडो, म्हणजे गोष्टीचा नायक, त्याने माझ्याकडेच राहू दिला.

नकाशे मात्र लीचे नाहीत, ते टॉलकिनच्या मुलाने, ख्रिस्तोफरने काढलेत. नकाशा शेजारी उघडा ठेवूनच वाचा, आपण ट्रेकला कुठली वाट कुठल्या खिंडीतून उतरते ते बघतो ना तसं, मग फ्रोडो आणि त्याचे सोबती डोंगर ओलांडायचा सोडून मोरियाच्या, डोंगराखालच्या जुन्या खाणीतून का जातात ते नीट कळतं.

मोरियाच्या दाराचं रेखाचित्र खुद्द टॉलकिनचं आहे. दोन झाडं, वर मुकुट आणि सात तारे, खाली ऐरण-हातोडा, मध्ये एक मोठा तारा. माझ्या दहा वर्षांच्या भाचीला गोष्ट मराठीत सांगत होते, दारावर लिहिलंय "बोल मित्रा, आणि आत ये", गँडाल्फ एवढा मोठा जादूगार पण पासवर्ड काही सापडेना. ती चित्रावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मावशी, 'मित्र' असंच बोलायचं असेल." उत्तर तेच होतं, माझ्या अंगावर काटा आला अक्षरशः.

पहिला भाग सुरुवातीला रेंगाळतो हे खरंय, गाणी खूप आहेत आणि रिव्हेंडेलचा प्रमुख एल्रॉन्डच्या सभेचं प्रकरण मला दोनदा वाचावं लागलं. तिथे सोडू नका प्लीज. तिसऱ्याच्या शेवटी वंशावळी, कालगणना, लिप्या असं सगळं आहे, ते मी अजून थोडं थोडं वाचतेय.

आता वस्तू म्हणून. ऑनलाइन मागवला तर खोक्याचा कोपरा चेपलेला आला, बदलून मिळायला तीन आठवडे गेले, फार मनस्ताप झाला. जमलं तर पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारा, हातात घेऊन बघून घ्या. बांधणी आठ महिन्यांत कुठेही सुटलेली नाही. चित्रांच्या गुळगुळीत पानांना दमट हवेची मला फार भीती वाटते, म्हणून भिंतीला लागून असलेल्या शेल्फवरून सेट लाकडी कपाटात हलवलाय, कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा सुकवलेला पाला कापडात बांधून ठेवलाय आणि ऊन पडलं की पुस्तकं उघडून पंख्याखाली ठेवते. झोपून वाचायचं असेल तर मनगट दुखतं, मांडीवर उशी घ्या.

हे पुस्तक टॉलकिनला एकसंध हवं होतं, महायुद्धानंतर कागद महाग म्हणून १९५४-५५ मध्ये तीन भागांत निघालं. माझ्यासाठी ते बरंच झालं, कारण सध्या पहिला भाग भाचीकडे आहे. रोज शाळेतून आल्यावर रिव्हेंडेलचं पान उघडून रंगाची पेटी घेऊन बसते, आणि धबधब्याचा कागद कोरा ठेवायचा तर कडेचा रंग आत येऊ कसा द्यायचा नाही, हे विचारायला काल तिचा दोनदा फोन आला.