इंक आठ महिने वापरल्यावर: सगळं अडलं ते एका ताऱ्यापाशी

मी इंककडे, म्हणजे पर्याय निवडत खेळायच्या कथा लिहिण्याच्या भाषेकडे, वळले ती चिडून. आधीच्या गेम इंजिनसाठी लढाईचा एक तयार प्लगइन विकत घेतला होता. इंजिनचं अपडेट आलं आणि पहिल्याच वाराला खेळ बंद पडायला लागला. विकणाऱ्याला तीन मेल केले. एकाला ‘बघतो’ असं उत्तर आलं, मग काहीच नाही. पैसे गेले ते गेलेच. तेव्हाच ठरवलं, आता फुकट मिळणारं आणि उघडून बघता येणारंच काहीतरी घ्यायचं. इंकल स्टुडिओने इंक २०१६ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुलं केलं, तेवढं मला पुरेसं होतं. नॉट (कथेचा नाव दिलेला तुकडा), डायव्हर्ट (दुसऱ्या तुकड्याकडे उडी) वगैरे इथे याहून जास्त समजावत बसत नाही.

माझा खेळ नदीवरचा. रात्री नाव घेऊन निघालेली नावाडीण आणि साखळी टाकून वाट अडवणारा पहारेकरी. झटापटीत चार पर्याय ठेवले: धमकी, लाच, वल्ह्याचा तडाखा, साखळी तोडायचा प्रयत्न. फेरी संपली की पुन्हा वर. चार फेऱ्या झाल्या आणि खेळ अडला, मजकूर संपला म्हणून. तारा (*) लावलेला पर्याय इंकमध्ये एकदाच दिसतो. पुन्हा पुन्हा हवा असेल तर अधिकचं चिन्ह लावायचं. हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी माझा राग ताऱ्यावरच. हे उलटं का नाही ठेवलं?

मग सगळे तारे काढून अधिक लावले. ‘जीव’ नावाचं चल घेतलं, दहापासून सुरू. वारासाठी एक ते सहाचा फासा. प्रत्येक तडाख्याला पाच वेगवेगळी वाक्यं लिहून ती शफलमध्ये, म्हणजे क्रम पिसून एकेक वाक्य दाखवणाऱ्या यादीत, टाकली. यात दोन महिने गेले. मैत्रिणीला खेळायला दिलं आणि शेजारी बसून बघत राहिले. तिने ‘वल्ह्याने मार’ सलग नऊ वेळा दाबलं. एकही वाक्य वाचलं नाही. आणि तिचं काही चुकलं नव्हतं: दर फेरीला बदलत होता तो फक्त आकडा, म्हणून ती आकडाच वाचत होती.

तिथे माझं मत फिरलं. तारे परत लावले. खऱ्या भांडणात तसंच असतं ना? एखादं वर्मी लागणारं वाक्य बोलून झालं की ते संपलं. दुसऱ्यांदा त्याची धार राहत नाही. पर्याय खर्च होतोय हे कळलं की खेळाडू हात आखडता घेतो, आणि मग वाचतोही. क्रमालाही अर्थ येतो. लाच आधी दिली आणि मग धमकी, तर पहारेकरी नाणी पाण्यात फेकतो. यासाठी वेगळं चल लागत नाही. लेबल दिलेला पर्याय किती वेळा निवडला गेला ते इंक स्वतः मोजतं. आणि सगळं संपलं की फॉलबॅक, म्हणजे खेळाडूला न दिसणारा, बाकी काही उरलं नाही की आपोआप घेतला जाणारा पर्याय. तिथे मी पहिल्यांदा पहारेकऱ्याला बोलू दिलं: “झालं तुझं? आता माझं ऐक.” ‘जीव’ चल पुसून टाकलं.

१९९० च्या मंकी आयलंड या खेळात तलवारबाजी टोमण्यांवर चालते. हरत हरत उत्तरं शिकायची आणि शेवटी तीच उत्तरं नव्या टोमण्यांना बसवायची. २०१९ च्या डिस्को एलिसियम या खेळात वेगळी लढाईच नाही. गोळीबारही संवादातल्या त्याच दोन फाशांवर चालतो. आणि तिथली लाल चाचणी, म्हणजे फासे टाकायचा लाल रंगातला पर्याय, एकदाच मिळते. तो माझा तारा!

तक्रारी आहेत. इंकीमध्ये, म्हणजे इंक लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, कथेचा नकाशा दिसत नाही, त्यामुळे पन्नास नॉटनंतर मी कागदावर बाण काढते. वेळेचं बंधन, कोण कुठे उभं आहे, हे सगळं बाहेरच्या इंजिनात स्वतः बांधावं लागतं. त्याच्या बदल्यात एक सुख मोठं: वाक्य बदललं की इंकी मी निवडलेल्या वाटेवरून खेळ पुन्हा तिथवर आणून ठेवतो. झटापटीचा शेवट तपासायला दर वेळी पहिल्या ओळीपासून यावं लागत नाही.

सध्या अडलेय ती परतीच्या प्रवासात. तोच पहारेकरी, तीच साखळी, आणि नावाडीणीचे चारही पर्याय खर्च झालेले. नवे चार लिहून बघितले, पण खोटे वाटले. आता त्या नॉटमध्ये एकच पर्याय ठेवलाय, त्याला हाक मारण्याचा, आणि त्यालाही ताराच आहे.