खड्डा बुजवण्याआधी बघा: गच्चीवरचं पाणी अडवण्याच्या कामात होणारी फसवणूक

गच्ची १०० चौरस मीटर. ‘वर्षाला एक लाख लिटर पाणी मिळेल’ अशी तोंडी हमी. दोन दिवसांत काम उरकतं, फोटो निघतात, सगळे पैसे दिले जातात. पहिल्या जोरदार सरीत गच्चीवर तळं साचतं आणि बोअरला गढूळ पाणी येतं. ठेकेदार म्हणतो, ‘पाऊसच जास्त झाला.’ हा प्रकार अगदी ठरलेल्या साच्याचा आहे.

आधी त्या लाखाचं बघू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर या गच्चीवर ८०,००० लिटर पडतं. उडालेलं, मुरलेलं, सोडून दिलेलं वजा करून हाती सुमारे ६४,०००. लाखाचा आकडा येतो तो अंगणात पडणारा पाऊसही धरून. शिवाय १००० लिटरची टाकी १२-१३ मिलिमीटर पावसातच भरते. पुढचं पाणी कुठे जाणार, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

पहिल्या पावसाचं पाणी गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण घेऊन येतं. पहिला एक मिलिमीटर तरी बाहेर सोडायचा म्हणजे इथे १०० लिटर. दाखवायला मात्र ११० मिलिमीटर व्यासाचा मीटरभर नळ उभा करतात. त्यात पाणी मावतं जेमतेम नऊ लिटर! खाली बारीक निचरा ठेवलेला नसेल तर तो नळ भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसात त्याचा काही उपयोग नाही.

ठेकेदाराची खरी कमाई पाणी जमिनीत मुरवायला खणलेल्या खड्ड्यात होते, कारण तो बुजवला की कोणी उकरून बघत नाही. आत बांधकामाचा राडारोडा, गिलाव्याची ढेकळं, वर फोटोपुरता वीतभर खडीचा थर. गिलाव्याची भुकटी भिजून फटी बंद करते, मग पाणी वरच तुंबतं. थर असे हवेत: तळाशी ५ ते २० सेंटिमीटरचे दगडगोटे, त्यावर ५ ते १० मिलिमीटरची खडी, सगळ्यात वर दीड-दोन मिलिमीटरची जाड वाळू. वाळू वर का? गाळ तिथेच अडतो, खरवडून काढता येतो आणि तेवढीच वाळू बदलता येते. क्रम उलटा केला तर गाळ थेट तळात जातो. मग सगळा खड्डा उपसण्याशिवाय इलाज नाही.

रिकामा खड्डा आधी पाण्याने भरून घ्या, खूण करा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. चिकण काळ्या मातीत ती हलतच नाही असं वाटेल. तिथे मुरूम लागेपर्यंत खोल जायला हवं. ‘दोन फूट पुरेत’ म्हणणाऱ्याला ही मोजणी करून दाखवायला सांगा, बहुधा टाळेल.

गच्चीचा नळ सरळ बोअरमध्ये सोडणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घातक उद्योग. खड्ड्याचा खर्च वाचतो, घाण थेट भूजलात जाते. गच्चीवर कपडे धुण्याची जागा असेल तर तिचं साबणाचं पाणीही त्याच नळाला जोडलेलं सापडतं. एक बादली रंगीत पाणी त्या मोरीत ओता, कुठून बाहेर येतं ते दिसेल.

आता गच्चीवरचं तळं. तासाला ६० मिलिमीटर पावसात या गच्चीवरून मिनिटाला १०० लिटरच्या आसपास पाणी उतरतं. उतरत्या नळावर पाणी गाळायला बसवलेल्या फिल्टरवर मिनिटाला किती लिटर हे छापलेलं नसेल तर तो डबा समजा. शेवटचा हप्ता देण्याआधी २०० लिटरचं पिंप गच्चीवर दोन मिनिटांत रिकामं करा. पाणी नळातून मागे फुगलं तर फिल्टर लहान आहे, किंवा त्याच्या आधी जादा पाण्याची वाट ठेवलेली नाही. ती वाट नंतर बसवायची तर नळ कापावा लागतो, म्हणून हे पैसे हातात असतानाच करून घ्या.