सातपुड्याच्या पायथ्याचं नर्सिंग कॉलेज: भाचीला घातलं, त्याचा अनुभव

पाचपैकी चार तारे देते आहे. एक का कापला तेही सांगते.

मी स्वतः एएनएम, म्हणजे गावपातळीवर काम करणारी परिचारिका. १९८६ साली माझं ट्रेनिंग झालं, तेव्हा ते दीड वर्षाचं होतं. आता दोन वर्षांचं आहे. सगळी नोकरी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या आरोग्य उपकेंद्रांवर गेली. कंदिलाच्या उजेडात, चुलीशेजारी बाळंतपणं केलीत. त्यामुळे भाचीला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, घालायचं ठरलं तेव्हा इमारत आणि बगीचा मी बघितलाच नाही. कॉलेजच्या मॅडमना पहिलाच प्रश्न विचारला: मुलींना बाळंतपणं कुठे करायला मिळतात?

हे कॉलेज मी पहिल्या वर्षापासून ओळखते. धान्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक सांगाडा, सरावासाठी एक मॅनिकिन (माणसाचा पुतळा) आणि एएनएमच्या वीस मुली, एवढ्यावर ते सुरू झालं. निम्म्या मुली आश्रमशाळांतून आलेल्या, घरी पावरी नाहीतर भिली बोलणाऱ्या. ज्या बाईंनी हे उभं केलं त्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांचं म्हणणं एकच असायचं: बाहेरून आलेली नर्स डोंगरात रमत नाही, बदलीचा अर्ज करत राहते, तेव्हा डोंगरातलीच मुलगी शिकवा. पुढे जीएनएम आलं. त्यासाठी मान्यता देणाऱ्या नर्सिंग कौन्सिलला स्वतःचं रुग्णालय दाखवावं लागतं, आणि ते उभं करताना त्यांची फार दमछाक झाली. रुग्णालय झालं तेव्हा पहिल्या बॅचच्या दोन मुली तिथे स्टाफ म्हणून लागल्या. मला त्याचा फार आनंद झाला होता.

आता शिकवण्याचं. मी एक सकाळ प्रॅक्टिकलला बसून राहिले. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, शिकवणं चालू होतं. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की नोंदी सुरू, आणि पुढे तासाला एक सेंटिमीटरची रेषा धरून बघत जायचं. नोंद रेषेच्या उजवीकडे सरकली की बाई अडकते आहे असं समजायचं. हे बऱ्याच ठिकाणी शिकवतात. इथल्या मॅडमनी मात्र मुलींना विचारलं, "तुझ्या पाड्यावरून रुग्णालयाला गाडी किती वेळात पोहोचते?" एक म्हणाली तीन तास. "मग ते तीन तास आधी मोज, आणि गाडी कधी बोलवायची ते ठरव." आम्हाला कुणी असं शिकवलं नव्हतं. बाई घाटात अडकल्यावर आम्ही ते शिकलो.

ऑक्सिटोसिनचंही तसंच, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाचं. बाळ बाहेर आलं की पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही ना ते बघायचं, आणि मिनिटाच्या आत १० युनिटचं इंजेक्शन स्नायूत द्यायचं, हे मुलींना तोंडपाठ आहे. पण ते औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, वीजही जाते. फ्रिजचं तापमान रोज दोनदा लिहायची वही इथे मुलींच्याच हातात आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर वेगळे तास घेतात, आणि या भागात ते हवेतच. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बायका होळीला परततात, तेव्हा पाचवा-सहावा महिना असतो आणि हातात एकही कागद नसतो. अशा बाईची तपासणी कुठून सुरू करायची, हेही मुलींकडून करून घेतात.

बोलण्यावरही लक्ष आहे. वॉर्डात भाची एका बाईला "माय, कंबर दुखस का?" असं अहिराणीत विचारताना मी ऐकलं. बाईने लगेच मान हलवली आणि बोलायला लागली.

एक तारा कापला तो पुस्तकांसाठी. वाचनालयात जवळपास सगळी पुस्तकं इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेली हुशार मुलगी पहिले सहा महिने नुसती शब्द उतरवत बसते. भाची रात्री फोन करून रडायची, "मावशी, मला येतं पण लिहिता येत नाही." मॅडमनी मराठी टिपणं द्यायला सुरुवात केली आहे, पण ती अजून दोनच विषयांची आहेत. आणि मूळ कागदपत्रं ऑफिसात ठेवून घेतात, हे मला अजिबात पटलं नाही. मी भांडून झेरॉक्स ठेवायला लावली. पालकांनी तेवढं भांडावंच.

वसतिगृह स्वच्छ आहे, उन्हाळ्यात पाणी दिवसातून एकदाच येतं. मेसमध्ये कळण्याची भाकरी मिळते.

बघायला जाल तेव्हा शेवटच्या वर्षाच्या मुलींची बाळंतपणाची नोंदवही मागा. मी मागितली तेव्हा लगेच हातात दिली. प्रत्येक नोंदीखाली वॉर्डातल्या सिस्टरची सही होती. भाचीच्या नावावर त्या दिवशी १४ बाळंतपणं होती.